बंपर उतरवल्यावर दिसणारे नुकसान

गाडीला मागून धडक बसली की बंपर आणि डिकीचा पत्रा डोळ्यांना दिसतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर तेवढेच टिपून घेतो. चार दिवसांनी मिस्त्री बंपर उतरवतो तेव्हा कळते की, आतली चासी वाकली आहे. खरा खर्च इथून सुरू होतो, आणि वादही. कंपनी म्हणते, हे जुने असेल, नाहीतर गॅरेजमध्ये झाले असेल.

आपले बरेच व्यापारी बंधू इथेच चुकतात. माल पोहोचवायची घाई असते, म्हणून मिस्त्रीला 'करून टाक' म्हणतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने घालवतात. असे नुकसान दिसताच काम थांबवावे, फोटो काढावेत, कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी आणि सर्व्हेअरला पुन्हा पाहणीस बोलवावे. काढलेले भाग भंगारात देऊ नयेत. (साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबरी भागांची निम्मी किंमत कापतात. ती अटीतच असते, तिथे भांडू नये.)

'पूर्ण व अंतिम' पावतीवर घाईने सही नको. फसवून वा दबावाने घेतलेल्या सहीने हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. पण तो दबाव सिद्ध कोण करणार?

कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या नावावरील पॉलिसीही तिथे चालते.