कच्चा कागद आणि पक्की वही

यंत्र हिशेबात चुकत नाही, असा आपला ठाम समज असतो. परंतु २०११ च्या जानेवारीत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. संकेतस्थळे चालविण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या संगणकभाषेला एक विशिष्ट, अतिसूक्ष्म संख्या वाचावयास दिली, की काही संगणकांवर तिचे काम कायमचे अडकून पडे. कोणीही खोडसाळ माणसाने ती संख्या धाडावी आणि सेवा बंद पाडावी! मग चूक होती तरी कोठे?

एक तृतीयांश ही संख्या दशांशात लिहू लागलो, तर तीन हा अंक संपतच नाही. कोठे तरी थांबावे लागते. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो. त्यामुळे साधा एक दशांशही त्याला न संपणारा वाटतो. म्हणून तो ठराविक स्थानांपर्यंत अंक ठेवून पुढचे सोडून देतो. त्याच्या स्मृतीत नेहमीच्या अपूर्णांकाला अशी ५३ स्थाने मिळतात. परंतु इंटेलच्या १९८० सालच्या ८०८७ या चिपमधील हिशेबाचे खण अधिक ऐसपैस होते. त्यांत ६४ स्थाने मावत. मधल्या पायऱ्यांत अचूकता वाढावी, हाच त्यामागील हेतू.

घोटाळा येथेच झाला. एखादा कारकून कच्च्या कागदावर आकडेमोड करतो आणि पक्क्या वहीत उतरविताना शेवटचे अंक गाळतो. पुढे तोच कागद आणि तीच वही ताडून पाहिली, तर रकमा जुळत नाहीत. कोणता आकडा खणात ठेवावा आणि कोणता स्मृतीत उतरवावा, हे ठरवितो कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कार्यक्रम यंत्रभाषेत आणणारा अनुवादक. पीएचपीमध्ये उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारले जाई. या विसंगतीमुळे ती सुधारणा कधी संपेचना.

गंमत अशी, की दोष शोधणाऱ्याने आकडा छापून पाहण्यासाठी एखादी ओळ घातली, तर तो आकडा वहीत उतरे आणि दोषच नाहीसा होई! जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरविरुद्ध २००० साली अशी तक्रार नोंदविली गेली. दोष चिपचा, कंपायलरचा की लिहिणाऱ्याचा, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला.

पीएचपीच्या कर्त्यांनी तो आकडा प्रत्येक वेळी स्मृतीत उतरविण्याची सक्ती केली आणि अडकणे थांबले. जीसीसीने २०१० साली, किंमत नोंदविताच जादा अंक गाळण्याचा सी भाषेचा नियम काटेकोरपणे पाळण्याची सोय दिली. पुढील चिपमध्ये खण आणि स्मृती यांची मापेच जुळली.

या सर्व उपायांत अचूकता वाढविलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. अंक कोठे आणि केव्हा गाळावयाचे, एवढेच निश्चित केले आहे. हिशेब मग तो यंत्राचा असो वा कचेरीचा, तेथे अधिक अंकांपेक्षा सर्वांना ठाऊक असलेला एकच नियम अधिक मोलाचा ठरतो.