अस्थि-ऊतक अभियांत्रिकीतील संमिश्र आधारद्रव्ये

अपघात, अर्बुद किंवा जंतुसंक्रामण यांमुळे हाडाचा मोठा तुकडा नष्ट झाल्यास उरलेली पोकळी आपोआप भरून येत नाही. अशा जागी सच्छिद्र सांगाडा बसवून त्यावर मूल कोशिकांकडून (ज्यांपासून निरनिराळ्या ऊतकांच्या कोशिका तयार होतात अशा कोशिकांकडून) नवे हाड घडवून आणण्याच्या शास्त्रास अस्थि-ऊतक अभियांत्रिकी म्हणतात. कटीच्या हाडाचे कलम लावण्याची रूढ पद्धत आजही अधिक भरवशाची आहे; परंतु तेथून मिळणारे हाड मर्यादित असते आणि काढलेल्या जागी पुष्कळदा वेदना राहते.

हाड हेच मुळात संमिश्र द्रव्य होय. त्याच्या वजनाचा सु. दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम फॉस्फेटी खनिजाचा असून उरलेल्यात मुख्यत्वे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन व पाणी असते. खनिजामुळे कठिनता, तर कोलॅजेनामुळे चिवटपणा येतो. म्हणून एकाच द्रव्याचे सांगाडे अपुरे पडतात. हायड्रॉक्सिॲपेटाइट कोशिकांना मानवते, पण ते ठिसूळ असते व शरीरात फार सावकाश विरघळते. पॉलिलॅक्टिक अम्लासारख्या बहुवारिकांना हवा तो आकार देता येतो. तथापि विघटन होताना ती अम्ल सोडतात. दोन्ही एकत्र केल्यास खनिजामुळे या अम्लाचे अंशतः उदासिनीकरण होते. जैवकाच, जिलेटीन तसेच किनाऱ्यावर टाकाऊ ठरणाऱ्या कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान यांचाही उपयोग करतात.

सांगाड्यातील छिद्रे परस्परांस जोडलेली असावी लागतात. १०० मायक्रॉनांहून लहान छिद्रांत हाड नीट शिरत नाही. रक्तवाहिन्यांसाठी ती ३०० मायक्रॉनांहून मोठी असणे इष्ट असते. मात्र छिद्रे वाढविली की बल घटते. याहून मोठी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. रक्तवाहिनीपासून सु. २०० मायक्रॉनांपलीकडील कोशिका ऑक्सिजनाअभावी मरतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील लहानशा चकतीवर मिळालेले यश काही सेंमी. लांबीच्या तुकड्यात सहसा टिकत नाही.

इटलीत हायड्रॉक्सिॲपेटाइटाचे सांगाडे व रुग्णांच्या अस्थिमज्जेतून वाढविलेल्या कोशिका वापरून तीन रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडे सांधली गेली; परंतु कित्येक वर्षांनंतरही सांगाडा फारसा शोषला गेला नव्हता. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सिॲपेटाइटावर सिलिकायुक्त त्रिप्रावस्था लेप देऊन त्याचे प्रयोग शेळ्यांच्या मांडीच्या हाडावर करण्यात आले (२००९). मुंबईतील एका कंपनीच्या ‘ऑसरॉन’ या, रुग्णाच्याच अस्थिजनक कोशिका वाढवून केलेल्या उपचारास भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्यात मात्र भार पेलणारा घन सांगाडा नसतो.