तळहाताएवढ्या चट्ट्यात दिवसाला साडेबावन्न कोटी पेशी

सोरायसिसचा चट्टा पाहणाऱ्याला कोरडा, निर्जीव वाटतो. लालसर कातडी आणि तिच्यावर अभ्रकासारखे सुटणारे रुपेरी पापुद्रे. प्रत्यक्षात तिथे पेशींची प्रचंड घाई चाललेली असते. अमेरिकी त्वचातज्ज्ञ जेराल्ड वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या घाईचा हिशेब मांडला. निरोगी कातडीच्या एका चौरस मिलिमीटरला वाढीच्या थरात सुमारे २७,००० पेशी असतात आणि त्यातून दिवसाला १,२४६ नव्या पेशी तयार होतात. सोरायसिसमध्ये तेवढ्याच जागेत ५२,००० पेशी दाटीवाटीने कामाला लागतात आणि उत्पादन जातं ३५,००० वर. अठ्ठावीस पट! पेशीच्या एका विभाजनापासून पुढच्यापर्यंत निरोगी कातडीत ३११ तास जातात, इथे फक्त ३६.

हाच गुणाकार पुढे नेऊ. बोटांसकट तळहाताएवढा, म्हणजे साधारण १५० चौरस सेंटिमीटरचा चट्टा धरला, तर त्यात रोज साडेबावन्न कोटी पेशी जन्माला येतात. सेकंदाला सहा हजार. निरोगी कातडीच्या तेवढ्याच तुकड्यात सेकंदाला जेमतेम दोनशे सोळा. एरवी तळातली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत महिनाभर जातो. वाटेत ती आपलं केंद्रक टाकते, चपटी होते, घट्ट होते. इथे हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो, त्यामुळे चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सगळ्यात वरच्या थरातही केंद्रकं तशीच दिसतात. अर्धवट तयार झालेल्या या पेशी सुट्या होऊन गळत नाहीत, एकमेकींना धरून पापुद्र्यांनी निघतात. जगात किमान दहा कोटी लोकांना हा आजार आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना अजूनही 'नीट अंघोळ करत जा' असं सुनावलं जातं. संसर्गाच्या भीतीने लोक त्यांच्या शेजारी बसायला कचरतात. सोरायसिस संसर्गजन्य नाही, आणि तो अस्वच्छतेमुळे होत नाही. हे जितक्या वेळा सांगावं तितकं कमीच.

मग एवढ्या उत्पादनाचा हुकूम देतं कोण? कातडीच्या पेशीच बिघडल्या आहेत, असा बराच काळ समज होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले जेम्स क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक नेमका प्रयोग केला. प्रतिकारयंत्रणेतल्या फक्त चेतावलेल्या टी-पेशींना मारणारं आणि कातडीच्या पेशींना हात न लावणारं औषध त्यांनी दहा रुग्णांना दिलं. आठ जणांचे चट्टे कमी झाले, त्यांतल्या चौघांचे तर लक्षणीय. दोष प्रतिकारयंत्रणेच्या निरोपात होता.

निरोपांची ही साखळी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उलगडत गेली. इंटरल्युकिन-२३ हे प्रथिन टी-पेशींना चेतवतं, त्या इंटरल्युकिन-१७ सोडतात आणि ते कातडीच्या पेशींना वाढीला लावतं. ही प्रथिनं मोजायची ती पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागात. तरी एका पिकोग्रॅममध्ये इंटरल्युकिन-१७चे पावणेदोन कोटी रेणू मावतात! क्रूगर यांच्या प्रयोगशाळेनेच २०११ मध्ये दाखवलं की इंटरल्युकिन-१७ला टीएनएफ या आणखी एका निरोप्या प्रथिनाची जोड मिळाली, की कातडीच्या पेशींतली १६० जनुकं दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त जोमाने कामाला लागतात.

आणि निरोप धाडणारे किती? बॉस्टनमधल्या रेचल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या मोजणीनुसार माणसाच्या निरोगी कातडीत सुमारे २,००० कोटी टी-पेशी असतात, सगळ्या रक्तात मिळून असतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. चौरस सेंटिमीटरला दहा लाख. या मोजणीपर्यंत, टी-पेशी शोधायच्या त्या मुख्यतः रक्तात, अशी सवय होती.

इंटरल्युकिन-२३ला अडवणारं रिसांकिझुमाब हे औषध एका वेळी १५० मिलिग्रॅम टोचतात. चिमूटभरच वजन, पण रेणू मोजले तर सहावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली संख्यास्थानं परार्धावर येऊन थांबतात. हे सहा परार्ध झाले. क्रूगर यांच्या सहभागाने झालेल्या पहिल्या चाचणीत औषध एकदाच दिलं होतं. बारा आठवड्यांनी ८७ टक्के रुग्णांच्या आजाराची तीव्रता किमान तीन चतुर्थांशाने उतरली होती, आणि काहींचा गुण ६६ आठवड्यांपर्यंत टिकला.

टिकला, पण कायमचा नव्हे. म्हणून हे इंजेक्शन सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर दर बारा आठवड्यांनी घ्यावं लागतं. औषध थांबवलं की चट्टा बहुतेकदा जुन्याच जागी उगवतो, त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर. कारण कातडी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावरही काही टी-पेशी तिथेच मुक्काम ठोकून असतात, आणि काही जनुकं पूर्ववत झालेली नसतात. आजार नवा असतानाच औषध सुरू केलं, तर या पेशींना तिथे ठाण मांडण्यापासून रोखता येईल का, हे आता संशोधक तपासत आहेत.