उन्हात छाप काढायची चौकट

अनोळखी तण दाखवायला तुम्ही पिशवीतून रोप आणता, तोवर ते चुरगळून गेलेले असते. मोबाईलच्या फोटोत पान केवढे ते कळत नाही. आणि गवतवर्गीय तणाचे औषध रुंद पानाच्या तणावर मारले की पैसे पाण्यात. खऱ्या मापाची निळी छाप काढून ठेवली तर बांधावर ताडून पाहता येते. ही रीत सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ पासून समुद्रशैवालाच्या छापांचे पुस्तकच काढले.

फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिली पाण्यात वेगवेगळे विरघळवा. लागेल तेवढे सारखे मिसळून कागदावर लावा, अंधारात वाळवा. ही रसायने शाळेच्या प्रयोगशाळेला माल देणाऱ्याकडून मागवावी लागतात. हातमोजे घाला, ॲसिडजवळ ठेवू नका.

खरे अडते ते चौकटीपाशी. पान काचेला घट्ट बसले नाही की कडा धूसर येतात. पूर्वी फोटो स्टुडिओत स्प्रिंगच्या पट्टीच्या चौकटी असत. आता ती पट्टी सेलूत मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघतो! त्याला हॅक्सॉचे पाते मागा. बारा इंची पाते मध्ये मोडले की दोन पट्ट्या, प्रत्येकीला एक भोक आयतेच. दाते घासून टाका, नाहीतर हात कापेल.

पाच बाय सातची चौकट सुताराकडून खाच पाडून घ्या. आत ४ मिमी साधी काच, पान, कागद, जुन्या घोंगडीचा तुकडा आणि वर प्लायचे झाकण. झाकण मधोमध कापून एक इंची बिजागरीने जोडा. प्रत्येक अर्ध्यावर लाकडाचा छोटा गुटका चिकटवा. पट्टी एका बाजूला भोकातून स्क्रूने बसवा, गुटक्यावरून वाकवून समोरच्या स्क्रूच्या डोक्याखाली अडकवा. एक पट्टी सोडली की अर्धे झाकण उघडून छाप कितपत आली ते बघता येते, दुसरे अर्धे हलत नाही. अख्ख्या झाकणात ही सोय नाही.

पान आधी रद्दीत दाबून सुकवा, ओले पान कागद बिघडवते. कडक उन्हात दहाएक मिनिटे, मग साध्या पाण्यात धुवा.

कपाशीचा लाल्या मात्र या छापेत दिसणार नाही, रंग येतच नाही. त्यासाठी रोप मुळासकट ओल्या पोत्यात गुंडाळूनच आणा.