झाडोऱ्याखालची कोयना

शिवसागर जलाशय १९६२ मध्ये भरू लागला, तेव्हापासून कोयनेचे धक्के थांबलेले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप त्यातला सर्वांत मोठा. या धक्क्यांमागचे प्रस्तरभंग जमिनीवर कुठे उमटलेत, हे शोधायला तिचा नेमका चढउतार हवा. पण साताऱ्याकडचं कोयनेचं आणि सांगलीकडचं चांदोलीचं रान इतकं दाट, की वरून काढलेल्या छायाचित्रात फक्त शेंडेच दिसतात. म्हणून या धक्क्यांच्या अभ्यासासाठीच्या खोल विंधनविवराच्या तयारीत शास्त्रज्ञांनी या भूकंपक्षेत्राभोवतीच्या १,०६४ चौरस किलोमीटरचं विमानातून लायडार, म्हणजे लेसर सर्वेक्षण करून घेतलं.

विमानातलं यंत्र सेकंदाला हजारो-लाखो लेसर स्पंद खाली सोडतं. स्पंदाला जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. हजार मीटरवरून हा फेरा जेमतेम ६.७ मायक्रोसेकंदांचा, त्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तरी उंची १५ सेंटिमीटरने चुकते. विमान डुलतं, कलतं. त्यामुळे त्याची जागा जीपीएसने आणि कल जडत्वमापकाने सतत नोंदवावा लागतो.

रानात एकाच स्पंदाची अनेक परावर्तनं येतात. थोडा प्रकाश शेंड्यावरून परततो, थोडा फांद्यांवरून, आणि फटींतून निसटलेला उरलासुरला मातीवरून. लेसर पानाआरपार जात नाही. फट मिळाली तरच जमीन सापडते. शिवाय शेवटचं परावर्तन जमिनीचंच असेल असंही नाही. दाट कारवीत ते कारवीचं निघतं आणि नकाशातली जमीन उगाच वर उचलली जाते. संगणक आधी सर्वांत खालचे बिंदू घेतो, मग उतार पटेल तसे शेजारचे जोडत जातो. सह्याद्रीत नेमकं इथेच अडतं: एकदम उठलेला कडा त्याला झाड वाटतो आणि तो कड्याची धार छाटून टाकतो. विमान आणि लेसर पैशाने मिळतात. कडा कोणता आणि कारवी कोणती हे ओळखणाऱ्या माणसाने बिंदू तपासले, तरच नकाशा खरा ठरतो. माझ्या मते या कामाचा कस इथेच लागतो.

झाडं वगळलेल्या या जमिनीवर संगणकात तिरकं ऊन पाडलं की प्रस्तरभंगांच्या संभाव्य खुणा, म्हणजे सरळ रेषेत आलेल्या घळी, अचानक वळलेले ओढे उठून दिसतात. शेंड्यांच्या उंचीतून जमीन वजा केली, की झाडांची उंचीही मिळते.

एका उड्डाणात मात्र त्या दिवसाचाच आकार कळतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. अशा उतारांवरून दर काही वर्षांनी पुन्हा विमान उडवायला हवं. दोन नकाशांच्या फरकातून माती कुठून सुटली, किती सुटली, हे घनमीटरमध्ये मोजता येतं.