आधी सोपा, मग माजघर

चवथीच्या दुसऱ्या दिवशी पेडण्यातल्या आमच्या मूळ घरात वायफाय होते, पण नेट नव्हते. फोनवर ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ एवढेच. माझ्या लॅपटॉपने तर वाट पाहून १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतला. असा पत्ता दिसला की समजावे, पत्ते वाटणारा गप्प बसला आहे.

भाच्याने राऊटर उघडून पाहिला. वाटायला पन्नासच पत्ते, प्रत्येकाची मुदत चोवीस तास. आदल्या संध्याकाळी आरतीला आलेली वाड्यावरची पोरे पत्ते खिशात घालून घरी गेली होती!

ही वाटणी डीएचसीपी करते. राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेली तिची आजची नियमावली १९९७ची. फोन हाक मारतो, ‘कोणी पत्ता देता का?’ राऊटर एक पुढे करतो, फोन ‘हाच घेतो’ म्हणतो, राऊटर नोंद करतो. पत्ता मिळतो तो भाड्याने. निम्मी मुदत सरली की फोन गुपचूप वाढवून मागतो. पण निघून जाणारा फोन ‘येतो हां’ म्हणेलच असे नाही. मुदत संपेपर्यंत पत्ता त्याच्याच नावावर. हरमल-मोरजीच्या गेस्ट हाऊसला म्हणून तासाभराची मुदत बरी. रोज तीच माणसे येणाऱ्या कार्यालयाला आठ दिवसांचीही चालते.

डीएचसीपी मागणाऱ्याला ‘तू कोणाचा?’ असे विचारत नाही. देणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. डिचोलीतल्या एका कार्यालयात कोणीतरी घरचा राऊटर आणून भिंतीतल्या जोडणीत खुपसला. तोही पत्ते वाटू लागला आणि निम्म्या टेबलांचे नेट गेले. यावर उपाय स्विचमध्येच असतो: पत्ते फक्त अमुक तोंडातूनच येतील, बाकीच्यांनी दिलेले टाकून द्यायचे.

मागणाऱ्याची चौकशी दोन तऱ्हांनी होते. कार्यालयात ८०२.१एक्स लावतात: आधी नाव आणि पासवर्ड किंवा प्रमाणपत्र, मग कोणत्या विभागात बसवायचे ते ठरते, पत्ता शेवटी. रेल्वे स्थानकावर उलटे. पत्ता लगेच मिळतो, पण ओटीपी घातल्याशिवाय नेट नाही. पाहुणा सोप्यावर बसलेला, माजघराचे दार बंद. २००८ साली अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका खुल्या वायफायवरून गेल्याचे निघाले. पुढच्याच वर्षी दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायवर ओळख पटवणे सक्तीचे केले.

यंत्राचा नंबर यादीत घालून ओळख धरायची जुनी युक्ती मला पटत नाही. तो नंबर नकलता येतो. शिवाय हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच बनावट नंबर सांगतात.

भाच्याने मुदत तासावर आणली, पत्ते दोनशे केले आणि पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे काढले. प्रिंटर, कॅमेरे आत राहिले. पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड मामीने मोठ्या अक्षरांत लिहून सोप्याच्या खांबावर डकवला. संध्याकाळी पाहतो तो वाड्यावरची पोरे आरतीच्या तासभर आधीच खांबाला टेकून बसलेली.