ठिणगी आणि दाब

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चांगलंच तापतं. दाबली की हवा तापते. डिझेल इंजिनाची सारी भिस्त यावरच. त्यात आधी नुसती हवा शिरते. पिस्टन ती पंधरा-वीस पट दाबतो, तापमान ५०० अंशांपलीकडे जातं आणि डिझेलचा फवारा आत उडताच आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हे सिद्ध केलं. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते.

पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण दहा पटच दाबतात. ते पेटवते स्पार्क प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीतली ठिणगी. फार दाबलं तर मिश्रण आपणहून भडकतं, इंजिन खटखटतं. डिझेलला प्लगच नाही असं मात्र समजू नका. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होण्यापुरता हीटर प्लग असतो, म्हणून डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा.